‘पूर्ण बरी झालीस ना आता?’

पत्र (नाव-गाव गाळून, थोडं आवरतं घेऊन):

‘ताई, मी 47 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. डाव्या स्तनात गाठ निघाली, सेकंड स्टेज म्हणाले. ऑपरेशन, केमो, मग लाईट (रेडिएशन) असं सगळं रीतसर झालं. दिवाळीच्या आधी डॉक्टर म्हणाले, ट्रीटमेंट संपली. आता रोज टॅमॉक्सिफेनची गोळी आणि ठरलेल्या तारखांना तपासणी. शेवटच्या कागदावर “नो एव्हिडन्स ऑफ डिसीज” असं लिहिलंय.

भेटेल तो विचारतो, “पूर्ण बरी झालीस ना आता?” मी तोंड उघडायच्या आत यजमान सांगून मोकळे होतात, “एकदम कॅन्सर-फ्री आहे ती!” सासूबाई म्हणतात, असं बोलून दाखवू नये. काका म्हणतात, पाच वर्षं जाऊ देत, मग बोल. जाऊबाई विचारतात, बरी झालीस तर रोज गोळी कसली? भाचा म्हणतो, दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करा म्हणजे खात्री राहील. 8 मार्चला शाळेत “कॅन्सरवर मात करणाऱ्या शिक्षिका” म्हणून सत्कार ठरलाय, त्या नावाने पोटात गोळा येतो. मुलगी 24 वर्षांची, स्थळं बघतोय, तिकडे काय सांगायचं यावरून घरात वाद. नवीन मेडिक्लेमचा एजंट म्हणतो, बऱ्या झालात ना, मग लिहिता कशाला? मला कॅन्सर आहे की होता, एवढं तरी कुणी सांगा.

ता. क. शाळेत दरवर्षी रक्तदान शिबिर होतं. मी न चुकता रक्त द्यायचे. यंदा देता येईल का?’

बाई,

शाळेत तुम्हाला हीच हाक येत असणार, म्हणून मीही तीच मारते.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. कॅन्सर होता. गाठ काढली, केमो झाली, लाईट झाले, आणि आज तुमच्या डॉक्टरांना तपासणीत कुठेही आजार सापडत नाही. ‘होता’ म्हणताना तुम्ही कुणाची फसवणूक करत नाही आणि कुणाच्या दृष्टीला आमंत्रणही देत नाही. सासूबाईंची भीती मला समजते. त्यांनी तुम्हाला केमोच्या दिवसांत पाहिलंय, पुन्हा ते बघायची त्यांची तयारी नाही. त्यांच्यासमोर हा विषय काढू नका, एवढी सवलत त्यांना द्या. पण त्यांची भीती हा तुमचा मेडिकल रिपोर्ट नाही.

पत्र पुन्हा वाचताना जाणवलं, की लोक तुम्हाला एकाच दमात दोन प्रश्न विचारतायत. आत्ता आजार आहे का, हा एक. पुन्हा उलटेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या फायलीत आहे. दुसऱ्याचं कुणाकडेच नाही, आणि ते द्यायची जबाबदारी तुमची नाही. यजमान ‘कॅन्सर-फ्री’ म्हणतात तेव्हा ते दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर देऊन टाकतात. काका ‘पाच वर्षं थांब’ म्हणतात तेव्हा पहिल्या प्रश्नाचं तयार असलेलं उत्तरही ते अडवून धरतात. या ओढाताणीत तुमची स्वतःची वाचाच बसल्यासारखी झालीय.

आता तो कागद. ‘नो एव्हिडन्स ऑफ डिसीज’ला डॉक्टर आपापसात एनईडी म्हणतात. हाताने तपासून, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) पाहून, गरज असेल तर स्कॅन पाहून आजाराचा पुरावा मिळाला नाही, इतकंच ते वाक्य सांगतं. ते कोरडं वाटतं, कारण डॉक्टर दिसलं तेवढंच लिहितात. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात असा ढोबळ हिशेब कॅन्सरच्या अभ्यासात धरला जातो. काही मोजक्या पेशी कुठे उरल्या असतील तर त्या दाखवेल असा स्कॅन आज नाही. पण म्हणूनच तर ऑपरेशनमध्ये गाठ निघाल्यावरही तुम्हाला केमो दिली, लाईट दिले. न दिसणारं काही राहिलं असेल तर तेही मरावं, यासाठीच ते सगळं होतं. रिपोर्टमधलं ‘दिसत नाही’ वाचून घाबरायला होतं तेव्हा हे आठवा. तुमचे उपचार दिसण्यापाशी थांबलेले नाहीत, ते त्याच्या पुढपर्यंत गेलेत.

जाऊबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. तुमची गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसली जाणारी होती, म्हणून ही गोळी. टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशींतली त्या हार्मोनची जागा अडवून बसतं. अशा प्रकारच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं ही गोळी घेतलेल्या बायकांत पहिल्या 15 वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, हे वीसएक चाचण्यांची माहिती एकत्र करून 2011 मध्ये दाखवलं गेलं. काहींना दहा वर्षंही घ्यायला सांगतात. म्हणजे बरं झाल्यावरही गोळी चालू असणं यात विसंगती काहीच नाही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर हे आणखी स्पष्ट दिसतं. लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या नेहमीच्या प्रकारात पहिल्या महिनाभराच्या उपचारांनीच बहुतेक मुलं रेमिशनमध्ये जातात, म्हणजे बोन मॅरोत कॅन्सरच्या पेशी 5 टक्क्यांच्या खाली येतात. तरीही उपचार पुढे दोन-अडीच वर्षं चालतात. ‘रेमिशन झालं, मग औषध कशाला?’ हा प्रश्न त्या आयांनाही पडतो, आणि मधेच औषध सोडलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो.

मला ‘कॅन्सर-फ्री’ या शब्दाची एकच मोठी काळजी वाटते, ती इथे. तो घरात रोज उच्चारला गेला की कधीतरी कुणाला तरी वाटतं, मग ही गोळी बास झाली. त्यात टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, चिडचिड होते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस, वेळ, पर्याय यांवर बोलता येतं. मात्र ‘बरी झाले’ या आनंदात परस्पर गोळी सोडू नका.

काकांची पाच वर्षं. हा आकडा वैद्यकातलाच आहे, पण तो मुळात मोजमापासाठी घेतलेला टप्पा आहे, सुटकेची तारीख नव्हे. काही कॅन्सरमध्ये तो बराचसा खराही ठरतो. स्तनाच्याच कॅन्सरचा ट्रिपल निगेटिव्ह नावाचा प्रकार उलटायचा असेल तर बहुतांशी पहिल्या काही वर्षांत उलटतो, पाच वर्षांनंतर त्याचा धोका खूप उतरतो. तुमचा हार्मोनवाला प्रकार वेगळा. तो सुरुवातीला सौम्य वागतो, पण पाठपुरावा लांब मागतो. 2017 मध्ये 62 हजारांहून जास्त स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षं हार्मोनची औषधं घेऊन थांबलेल्या आणि तोवर ठणठणीत असलेल्या या स्त्रियांपैकी पुढच्या 15 वर्षांत 10 ते 41 टक्क्यांना आजार शरीरात दुसरीकडे उमटला. मूळ गाठ किती मोठी होती आणि काखेतल्या किती ग्रंथींत आजार पोचला होता, यावर ते प्रमाण ठरलं. हे आकडे बऱ्याच जुन्या काळात उपचार घेतलेल्या बायकांचे आहेत, आणि आजच्या औषधांनी ते कमी असावेत असं त्या अभ्यासकांनीच म्हटलंय. तुम्हाला हे घाबरवायला सांगत नाही. पाच वर्षं श्वास रोखून धरायचा आणि सहाव्या वर्षी सोडायचा, असा बेत तुमच्या आजाराच्या बाबतीत चालणार नाही, म्हणून सांगते. जगायला आत्ताच लागा. तपासणीच्या तारखा पाळा आणि मधले दिवस तुमचे समजा.

भाच्याला सांगा, त्याचा हेतू चांगला आहे. पण काही लक्षण नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करून आयुष्य वाढतं, असं कुणी दाखवलेलं नाही. 1994 मध्ये इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एका गटाच्या नेमाने एक्स-रे, हाडांचे स्कॅन अशा जादा तपासण्या केल्या, दुसऱ्या गटाची फक्त डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आजही लक्षणं नसलेल्या बायकांना वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि ठरलेल्या तारखांना डॉक्टरांच्या हाताखालून जाणं, हाच सल्ला आहे. नवी गाठ, न थांबणारा खोकला, एकाच जागी ठणकणारं हाड, कारण नसताना उतरणारं वजन यातलं काही दिसलं, तर मात्र तारखेची वाट न बघता जा.

तर मग लोकांना काय सांगायचं? रस्त्यात, लग्नात, बस स्टँडवर भेटणाऱ्याला ‘हो, उपचार संपले, तब्येत छान आहे’ एवढं पुरे. ते पूर्ण खरं आहे, आणि त्यापुढे विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. जवळच्या मैत्रिणीला, बहिणीला ‘आत्ता काही दिसत नाहीये, गोळी चालू आहे, तपासणीच्या आधीचे आठ दिवस मला झोप लागत नाही’ हे सांगा. हे सांगायला एक तरी माणूस असायलाच हवं. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, दाताच्या असो, डोळ्याच्या असो, तर ‘बरी आहे’वर भागवू नका. ‘स्तनाचा कॅन्सर झाला होता, टॅमॉक्सिफेन चालू आहे’ हे पूर्ण वाक्य म्हणा. नैराश्यावरची काही औषधं या गोळीचं काम कमी करतात. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर तो या गोळीच्या संदर्भात तातडीने तपासावा लागतो. समोरच्याला माहीतच नसेल तर तो तरी काय करणार?

यजमानांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातली खरी दुखरी जागा तीच वाटली. ‘मी तोंड उघडायच्या आत’ असे तुमचे शब्द आहेत. रिपोर्टच्या रांगेत उभं राहणं, पैशांची जुळवाजुळव, रात्री तुमच्या ओकारीचं भांडं धरणं, यातलं जे काही त्यांनी केलं असेल, त्या सगळ्याचा शेवट त्यांना एका ठाम शब्दात हवाय. ते लोकांना सांगत असतात तेव्हा स्वतःलाच सांगत असतात. त्यांना चारचौघांत दुरुस्त करू नका. घरी, दोघंच असताना म्हणा, ‘माझ्या तब्येतीबद्दल कुणी विचारलं तर मला बोलू द्या. तुम्ही तो शब्द म्हणता तेव्हा मला भीती वाटतेय हे सांगायला जागाच उरत नाही.’ मग त्यांनाही विचारा, त्यांना कशाची भीती वाटते. उपचार चालू असताना दोघांनाही सवड नव्हती, हे बोलणं राहून गेलं असणार. पुढच्या तपासणीला त्यांना डॉक्टरांच्या खोलीत आत घेऊन जा आणि ‘आत्ताची स्थिती तुम्ही कोणत्या शब्दात सांगाल?’ हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारा. डॉक्टरांच्या तोंडचं वाक्य दोघांनी मिळून ऐकलं की घरात एक भाषा होईल.

आता सत्कार. अमेरिकेत फिट्झ्यू मलन नावाचे डॉक्टर होते. 1975 मध्ये, 32व्या वर्षी, त्यांच्या स्वतःच्याच छातीत कॅन्सर निघाला. दहा वर्षांनी, 1985 मध्ये, त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. कॅन्सर झालेल्या माणसाचं ‘बरा’ आणि ‘बरा नाही’ अशा दोनच खणांत वर्गीकरण करणं त्यांना पटेना. निदानाचा आणि उपचारांचा एक काळ, उपचार संपल्यावरचा वाट बघण्याचा दुसरा, आणि धोका मागे पडत गेल्यावरचा तिसरा, असे टप्पे त्यांनी मांडले. दुसऱ्या टप्प्याची मुख्य खूण म्हणजे आजार उलटण्याची भीती, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने तिथे रुग्णांची एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. सर्व्हायव्हर, म्हणजे कॅन्सरमधून तगलेला माणूस, म्हणवून घ्यायला पाच वर्षं थांबायची गरज नाही, निदान झालेल्या दिवसापासून माणूस सर्व्हायव्हर, अशी भूमिका तिने घेतली. बाई, तुम्ही त्या दुसऱ्या टप्प्यात आहात. भीती वाटते म्हणजे तुमचं मन कमकुवत आहे असं मुळीच नाही, या टप्प्यात ती असतेच.

‘कॅन्सरवर मात’ हे मराठी वर्तमानपत्रांचं ठरलेलं शीर्षक आहे, आणि मला ते मनापासून खटकतं. तुमच्यासोबत केमोच्या खुर्चीवर बसलेल्या बायकांत अशी एखादी नक्की असेल, जिचा आजार हाडांत किंवा यकृतात गेलाय, जिचे उपचार कधी संपणार नाहीत. ‘आजार आटोक्यात आहे, औषध चालू आहे’ हीच तिची चांगली बातमी. तिने गोळ्या कमी घेतल्या नाहीत की धीर कमी धरला नाही. तुम्ही ‘मात’ केली म्हटलं की ती आपोआप हरलेली ठरते. तुमच्या पोटात गोळा येतो तो बहुधा याच जाणिवेने, आणि उद्या काही झालं तर आपलीही गणती तिच्यात होईल या धास्तीने. सत्कार नाकारू नका. मुख्याध्यापकांना भेटा आणि फलकावरचा मजकूर बदलून मागा. ‘उपचार पूर्ण करून पुन्हा वर्गावर रुजू झालेल्या बाई’ असं लिहायला सांगा. भाषणाची पाच मिनिटं मिळतील, ती समोर बसलेल्या आयांसाठी वापरा. स्तनातली गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, दुखत नाही म्हणून बायका ती महिनोन् महिने दाखवत नाहीत, हे तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांच्या लक्षात राहील.

मुलीच्या स्थळांबाबत घरातल्या वादात एक गोष्ट कुणी बोललेलं दिसत नाही. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात. पण पन्नाशीच्या आत निदान झालं असेल तर बीआरसीए वगैरे जनुकांच्या चाचणीचा विचार करावा, अशी शिफारस असते. तुम्ही त्यात बसता. तुमची चाचणी झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला. ती आधी तुमची करतात. तिच्यात दोष सापडला तरच मुलीच्या चाचणीचा प्रश्न येतो, आणि तेव्हाही निर्णय तिचा. हे सगळं तिच्या तब्येतीसाठी करायचं आहे, स्थळासाठी नव्हे, एवढं घरात स्पष्ट असू द्या. स्थळाला काय सांगायचं, हेही आधी तिला विचारा. माझं मत विचाराल तर बायोडेटावर लिहायचं काही कारण नाही. पण दोन्हीकडून पसंतीची भाषा सुरू झाली की बैठकीच्या आधी तुम्ही स्वतः सांगा, ‘मला स्तनाचा कॅन्सर झाला होता, उपचार पूर्ण झालेत, आता तपासण्या चालू आहेत.’ कुणा नातेवाइकाच्या कुजबुजीतून ते तिकडे पोचण्यापेक्षा तुमच्या तोंडून गेलेलं केव्हाही चांगलं. यावर जे घर मागे सरेल, ते उद्या तुमच्या लेकीच्या आजारपणात कसं वागलं असतं हे तुम्हाला आत्ताच कळेल.

एजंटचं अजिबात ऐकू नका. प्रस्तावाच्या फॉर्मवर ‘आजार आहे का’ एवढंच विचारत नाहीत, ‘कधी झाला होता का’ हेही विचारतात. निदानाची तारीख, ऑपरेशन, केमो, लाईट, चालू गोळी, सगळं लिहा आणि कागद जोडा. 2024च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त 36 महिन्यांची प्रतीक्षा लावू शकते (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही), पूर्वी ती 48 होती. कंपनी हप्ता वाढवेल, कदाचित नाही म्हणेल, मग दुसरीकडे विचारा. एजंट कदाचित सांगेल, की सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की कंपनीला जुनं उकरता येत नाही. पण त्या संरक्षणातून फसवणूक वगळलेली आहे, आणि जाणूनबुजून लपवलेला कॅन्सर म्हणजे फसवणूकच धरतील. क्लेम नाकारला जाईल तेव्हा हा एजंट तुमच्या शेजारी उभा नसेल.

आणि रक्तदान. नाही, बाई, यापुढे देता येणार नाही. आपल्याकडच्या रक्तपेढ्यांच्या नियमात कॅन्सर होऊन गेलेल्या व्यक्तीचं रक्त कायमचं वर्ज्य आहे, किती वर्षं झाली आणि किती ठणठणीत आहात याने फरक पडत नाही. वाईट वाटेल, दरवर्षी देणाऱ्याला तर वाटणारच. शिबिराचं नोंदणीचं टेबल यंदा तुम्ही मागून घ्या. फॉर्मवरच्या आजारांच्या यादीपाशी लोक अडखळतात, ‘होऊन गेलेलं’ लिहायचं की नाही म्हणून पेन थांबतं. ते त्यांना नीट समजावून सांगणारं कुणीतरी तिथे हवंच असतं.